सामाईक लिस्टचे वकील

‘डॉक्युमेंटेशन वाचायचं नाही आणि भाषेला नावं ठेवायची!’ असा सामाईक लिस्टच्या तक्रारीवर एका जाणकारांचा शेरा. पायथॉनमध्ये ‘टाइप’ला नाव, बेस क्लास आणि ॲट्रिब्यूटची डिक्शनरी दिली की चालत्या प्रोग्राममध्ये नवा क्लास उभा राहतो. त्या डिक्शनरीतली लिस्ट सगळ्या ऑब्जेक्टना मिळून एकच. नियमच तसा, सबब तक्रार फेटाळली.

नियम आहे, कबूल. पण तो कसा वागतो ते बघा. ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास बनवा. डिक्शनरीत ‘हजेरी’ शून्य आणि ‘गुण’ म्हणजे रिकामी लिस्ट. एकाच्या हजेरीत एक मिळवा, दुसऱ्याची शून्यच राहते. कारण नवा आकडा त्या एका ऑब्जेक्टवरच नोंदला जातो. आता त्याच्या गुणांत ‘अपेंड’नं ३५ घाला. अख्खा वर्ग पास! शेजारीशेजारी लिहिलेल्या दोन ओळींची ही दोन वळणं. त्यात ‘+=’ची कमाल वेगळीच: ते सामाईक लिस्ट जागच्या जागी वाढवतं आणि वर तीच लिस्ट ऑब्जेक्टच्या नावावर चढवतं. डीबगरमध्ये लिस्ट ऑब्जेक्टची स्वतःची दिसते, बघणारा निर्धास्त होतो, आणि तिकडे शेजाऱ्याचे गुण वाढलेले असतात. एरर नाही, वॉर्निंग नाही. टेस्टमध्ये एकच विद्यार्थी घेतला असेल तर टेस्टही हिरवीगार.

‘नवशिकेच फसतात’ म्हणे. मग २०१८ साली ३.७ आवृत्तीत फील्डच्या यादीवरून बनणारे डेटाक्लास आले, तेव्हा लिस्ट, डिक्शनरी किंवा सेट डिफॉल्ट दिल्यास ‘व्हॅल्यूएरर’ फेकायची सोय कुणासाठी केली? ३.११मध्ये ती हॅश न होणाऱ्या सगळ्याच डिफॉल्टना लागू झाली. भाषा घडवणारेही नवशिकेच असावेत!

डेटाक्लासला ‘फ्रोझन’ लावा म्हणणाऱ्यांना एवढंच: त्यानं नवी असाइनमेंट अडते, आतली लिस्ट खुशाल वाढते.

करायचं काय? ‘मेक_डेटाक्लास’ वापरा, फील्डला ‘डिफॉल्ट_फॅक्टरी’ द्या. ‘टाइप’चाच हट्ट असेल तर डिक्शनरीत ‘इनिट’ फंक्शन ठेवून लिस्ट तिथं बनवा. बदलायचंच नसेल तर टपल. आणि तुमच्या साध्या क्लासचं ऑब्जेक्ट डिफॉल्ट असेल तर ते सहसा हॅश होतं, म्हणून डेटाक्लासच्या तपासणीतून निसटतं. तिथंही फॅक्टरीच द्या.