ढाक्याला कोणी ओळखीचं आहे का?

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक मित्र मोबाईलवर फोटो दाखवत होता. त्याची लेक शाळेच्या एक्स्चेंज प्रोग्रॅममधून दहा दिवस युरोपात जाऊन आली. ब्रोशरवर मोठ्या अक्षरांत ‘ग्लोबल सिटिझन’ वगैरे.

‘‘काय शिकली मग?’’ मी विचारलं.

‘‘तिथलं चॉकलेट सॉलिड असतं म्हणाली!’’

आम्ही खो खो हसलो. तिची काय चूक? दहा दिवसांत कोण किती शिकणार? आपलं पहिलं ऑनसाइट आठवा. फोटो आणि चॉकलेटं, दुसरं काय आणलं होतं?

पण मला माझा पुतण्या आठवला. त्याच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही.

आमचं गाव नामपूर. सटाण्याच्या पुढे, मोसम नदीच्या काठी. पुण्यात नाव सांगितलं की लोक हमखास विचारतात, ‘‘नागपूर का?’’ सुरुवातीची काही वर्षं तर मी दुरुस्तही करायचो नाही. असो. गावात बोलायचे मुख्य विषय दोन, डाळिंब आणि कांदा. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि लाल कांद्याचे भाव धाडकन कोसळले. पुढच्या शनिवारी घरी गेलो, तर आबा ओट्यावर गप्प बसलेले. अंगणात कांद्याने भरलेला ट्रॅक्टर तसाच उभा.

सातवीतला पुतण्या जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘‘काका, ढाक्याले तुना वळखीना कोनी शे का?’’

मार्केटमध्ये त्याने ऐकलं होतं, ढाक्याच्या गाड्या थांबल्या. आपला कांदा घेत का नाही, याचा जाब त्याला त्या लोकांना विचारायचा होता!

आता ओळखीचा होता खरा. एका जुन्या प्रोजेक्टमधला माझा सहकारी ढाक्याचा आणि त्याची मुलगी सहावीत. लावला व्हिडिओ कॉल. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढे. थोडं इंग्रजी, थोडं कार्टूनमधलं हिंदी, असं दोघांचं सुरू झालं. पुतण्याने सरळ तोफ डागली.

ती बिचारी गोंधळली. म्हणाली, ‘‘आम्हाला तर कांदा हवाय! 200 टक्यांच्या वर गेलाय किलो. आम्मू आता भाजीत अर्धाच घालते. तुम्ही लोक का देत नाही?’’

दोघंही गप्प. कांद्याने दोन्ही घरांना रडवलं होतं आणि दोन्ही पोरांना वाटत होतं, पलीकडचा मजेत आहे.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. 2019च्या सप्टेंबरमध्येही अशीच बंदी आली होती. तेव्हाच्या बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आल्या होत्या. स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय, असा टोमणा त्यांनी हसत हसत मारला होता.

फोन ठेवल्यावर पुतण्याने मला विचारलं, ‘‘मग बंदी कशासाठी?’’

मी सांगितलं, ‘‘शहरात कांदा महाग होऊ नये म्हणून.’’

‘‘म्हणजे तुझ्यासाठी?’’

काय उत्तर देणार, सांगा! माझ्या फ्लॅटमधल्या पावभाजीचा हिशेब एकीकडे आबांच्या ट्रॅक्टरपाशी आणि दुसरीकडे ढाक्यातल्या एका स्वयंपाकघरात लागत होता. जागतिक जबाबदारीवर ऑफिसात आम्हाला अख्ख्या दिवसाचं ट्रेनिंग झालंय. त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते तुम्हाला आठवत असेल. बक्षीस 10 लाख डॉलरचं. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या 9 शिक्षकांना वाटून टाकली. त्यांचा एक उपक्रम होता, ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराक-इराण अशा एकमेकांशी न पटणाऱ्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावायच्या आणि 6 आठवडे त्यांना एकमेकांशी बोलू द्यायचं. विमान नाही, व्हिसा नाही. फक्त इंटरनेट आणि ज्याच्यावर राग आहे तोच समोर. एक्स्चेंजचा खरा फंडा हाच असावा. नवीन देश बघणं ठीकच, पण आपल्या ताटाचं दुसरं टोक कुणाच्या घरात आहे, ते तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं.

निर्यातबंदी मे 2024 मध्ये उठली, तीही 40 टक्के शुल्क लावून. आबांचा तो ट्रॅक्टर तोवर केव्हाच मिळेल त्या भावाने रिकामा झाला होता. पुतण्या मात्र अजून त्या मुलीला मेसेज करतो. पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘आज कांदा काय भाव?’’

तुमच्या टीममध्येही कुणी ढाक्याचं, मनिलाचं, नैरोबीचं असेलच. आणि गावाकडच्या शाळेत तुमचा एखादा भाचा किंवा पुतण्या. जमलं तर एका शनिवारी दोघांची गाठ घालून द्या. फक्त एक तयारी ठेवा. शेवटचा प्रश्न तुम्हालाच येणार!