कापसाचे पैसे आणि पोराचा कॉम्प्युटर



या सदरात आपण बियाणे, खते, मोटारी यांच्या खरेदीबद्दल नेहमी बोलतो. आजची खरेदी जरा निराळी आहे, पण नाके मुरडू नका. परवा एका गावी शेतीशाळा आटोपून निघालो, तर ओळखीच्या एका कापूसवाल्याने ओट्यावर बसवून घेतले आणि खिशातला घडीचा कागद माझ्या हाती दिला. "साहेब, पोराला गेम खेळायचा कॉम्प्युटर पाहिजे. दुकानदारानं हे लिहून दिलंय, ४५ हजार म्हणतो. पैसे हातात आहेत तोवर घेऊन टाकावं का?" पोरगा बारावीतला. दाराआडून कान देत होता.

कागदावर चार ओळी होत्या. आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉटचा एसएमपीएस. वाचायला झकास. पण बियाण्याच्या पिशवीवर नुसते "संकरित" छापले म्हणून आपण पैसे देतो का? वाण कोणता, तारीख कोणती, हे पाहतोच ना? इथेही तेच. आय-७ हे घराण्याचे नाव झाले. त्यापुढचा आकडा विचारा. मी दुकानदाराला फोन लावला, तेव्हा कळले की तो ३७७० आहे, म्हणजे २०१२ सालचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. हा तिसऱ्या पिढीचा. शिवाय पोराला जो व्हॅलोरंट खेळायचा, तो विंडोज ११ वर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय असल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे ४५ हजार मोजून नेमका तोच गेम बंद!

ग्राफिक्स कार्डाचीही तीच गत. ते निघाले जीटी ७३०, २०१४ सालचे. "४ जीबी" ही त्याच्या साठवणीची मापे, ताकदीची नव्हेत. पोते मोठे म्हणून आतली ज्वारी टपोरी असते असे नाही.

मग पोराला पुढे बोलावले आणि आधी विचारले, खेळायचे काय? व्हॅलोरंट आणि जीटीए ५. हे दोन्ही हलके खेळ. चित्राची सेटिंग कमी-मध्यम ठेवली तर वेगळ्या कार्डावाचून चालतात. २०२१ साली आलेला रायझेन ५ ५६००जी हा प्रोसेसर चित्र काढायचे काम आपल्या पोटातच करतो. तो घ्यावा, कार्ड आज घेऊच नये. मात्र असा प्रोसेसर चित्रासाठी रॅमच वापरतो, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्याव्यात. जू दोन बैलांचे असता एकच बैल जुंपण्यात काय हशील? २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, तेव्हा जुन्या कोटेशनवर विसंबू नका, त्याच दिवशीचा भाव विचारा. मदरबोर्ड बी५५० जातीचा बरा. पुढे कार्ड बसवायला जागा राहते.

ज्यांना पहिल्यापासूनच जड खेळ खेळायचे, त्यांनी रुपयाचे सोळा आणे असे वाटावेत : सहा आणे ग्राफिक्स कार्डाला, तीन प्रोसेसरला, दोन मदरबोर्डाला, दोन रॅमला, आणि एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट यांना एकेक. रॅम महाग असेल तर कॅबिनेटातून काढा, दिव्यांच्या झगमगाटाने खेळ पळत नाही. पाच एचपीची मोटार घेऊन दीड इंची पाइप जोडला तर पाणी किती येणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. महागडा प्रोसेसर आणि फुसके कार्ड म्हणजे तोच प्रकार.

आता ज्या ओळीकडे कोणी बघत नाही ती. "५०० वॉट एसएमपीएस." कंपनीचे नाव नाही, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. बाकी कशातही काटकसर करा, इथे करू नका. निकृष्ट एसएमपीएस जळताना मदरबोर्ड आणि कार्डही बरोबर नेऊ शकतो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉंझ छापलेला, किमान ३ वर्षांच्या वॉरंटीचा घ्यावा. ५५० वॉट पुष्कळ झाले. हा प्रोसेसर ६५ वॉटचा, आणि पुढे आरएक्स ६६०० सारखे कार्ड बसवले तर ते १३२ वॉटचे.

आपल्याकडची वीज कशी आहे ते तुम्ही जाणताच. गावठाण फीडरवरही रात्री व्होल्टेज नाचते. म्हणून ६०० व्हीएचा तरी यूपीएस हवा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, बहुधा ३६० वॉटच असतात. काम जतन करून बंद करण्यापुरती काही मिनिटे मिळतात, खेळ पुढे चालवायला नव्हे. आणि अर्थिंग पाहा. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या तर समजा अर्थिंग नाही. मीठ-कोळशाचा खड्डा मोटारीला करतो तसा घरालाही करून घ्यावा. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून दोन पिनांत खुपसण्याची आपली जुनी खोड आहे, ती इथे नको.

आतून माउलींनी विचारले, "बिल किती येईल?" कार्ड लावून ३०० वॉट धरले आणि रोज ३ तास खेळ धरला, तर महिन्याला २७ युनिट. कार्डाविना पुष्कळ कमी. रोज ३ तास खेळू द्यायचे का, ते त्यांनी ठरवावे. मी त्यात पडलो नाही.

कापूस घरात भरलेला असेल तर यंत्र त्या खोलीत ठेवू नका. तंतू पंख्यात अडकतात आणि यंत्र तापते. दर दोन महिन्यांनी बंद करून, प्लग काढून, ब्रशने झाडावे.

बिल जीएसटीचे, भाग सुटे लिहिलेले, प्रत्येकाचा मॉडेल आणि सिरीयल नंबर टाकलेले घ्यावे. वॉरंटी मागताना तेच कामी येते.

मॉनिटरचे पैसे तूर्त वाचले, कारण घरच्या टीव्हीला एचडीएमआयचे भोक होते. पोराने नवी यादी स्वतःच्या अक्षरात लिहिली. कार्डाच्या ओळीपुढे बापाने पेन घेतले आणि लिहिले, "तूर विकल्यावर."