वाळवीचा बंदोबस्त लागणीपूर्वीच हवा

उन्हाळ्याच्या तोंडी उमरगा तालुक्यातील मुरुम परिसरात सुरू उसाची उगवण विरळ झाली, म्हणजे शेतकरी प्रथम बेण्याला बोल लावतो, मग विजेच्या वेळापत्रकाला, आणि तेवढ्यानेही समाधान झाले नाही तर नशिबाला. परंतु सरी उकरून न उगवलेली टिपरी हातात घेण्याचे कष्ट जो घेईल, त्याला खरा अपराधी शोधण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही. टिपरीची साल बाहेरून बहुधा शाबूत असते, आतील गर मात्र नाहीसा होऊन त्या जागी माती भरलेली असते, आणि दोन्ही टोकांच्या उघड्या कापांतून वाळवी आत शिरल्याची खूण स्पष्ट दिसते.

ही कीड बारमाही जमिनीत वसत असली, तरी तिच्या उपद्रवाला ऋतूचे बंधन आहे. १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या मुदतीत केलेली सुरू लागण कोंब धरते न धरते तोच रान तापू लागते, विहिरी आणि बोअर खालावतात, पाण्याच्या पाळ्या लांबतात, आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत भोवतालच्या शुष्क शिवारात ओलावा व अन्न ही दोन्ही तिला उसाच्या सरीतच सापडतात. पाऊस स्थिरावल्यावर हा त्रास ओसरतो खरा. पण पावसाळा सरून ऑक्टोबरचे ऊन पडले की तिचा फेरा पुन्हा सुरू होतो, आणि पूर्वहंगामी लागण नेमकी त्याच वेळी केलेली असते.

ज्या संकटाची येण्याची वेळ इतकी ठरलेली आहे, त्याचा बंदोबस्त ते येऊन गेल्यावर करावा, ही आपली रीत मात्र अजब आहे. नांग्या पडल्यावर औषधाच्या दुकानाकडे धाव घेणारा खातेदार पैसे खर्च करतो. पण पोखरलेला डोळा काही केल्या फुटत नाही. एके काळी आल्ड्रिनची भुकटी मातीत मिसळून हा प्रश्न सुटल्याचे समाधान मानले जाई. ते विष जमिनीत वर्षानुवर्षे टिकते हे ध्यानी आल्यावर त्यावर बंदी आली, आणि सावधगिरीचा जुना, कष्टाचा मार्गच पुन्हा आपल्यापुढे उरला. अर्धे कुजलेले शेणखत सरीत न घालणे, आधीच्या पिकाची धसकटे वेचणे, शिफारस केलेल्या द्रावणात बेणे बुडवूनच लागण करणे, आणि उगवणीच्या काळात पाण्याची पाळी न चुकवणे, एवढाच तो मार्ग आहे.

यातील पाण्याची गोष्ट दुष्काळी धाराशिव जिल्ह्यात शेतकऱ्याच्या हाती नाही, हा आक्षेप रास्त आहे. आणि म्हणूनच बेणेप्रक्रियेचे महत्त्व येथे दुप्पट ठरते. लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र यांची नोंद साखर कारखान्याच्या दप्तरी होतच असते. मुरुमला स्वतःचा विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे. माझे म्हणणे इतकेच, की कारखान्यांच्या शेती विभागांनी ही नोंद केवळ तोडणीच्या क्रमापुरती न ठेवता, नोंदणीच्या रकान्यांत बेणेप्रक्रियेचा एक रकाना वाढवावा, लागणीपूर्वी गावोगाव द्रावणाची टाकी व जाणता माणूस उपलब्ध करावा, आणि त्याचा खर्च उसाच्या बिलातून वळता करून घ्यावा. उगवण साधली तर शेतकऱ्याचा उतारा वाढतो आणि कारखान्याचे गाळपही. तेव्हा या कामात उपकाराचा प्रश्न नसून उभयतांच्या हिशेबाचा आहे.