रजनीनंतरच्या नायिका

मालिकांमधील स्वतंत्र स्त्रीचा विषय निघाला की माझे मन दरवेळी एका हिंदी मालिकेकडे जाते. बासू चटर्जी यांची 'रजनी' १९८५ साली दूरदर्शनवर आली. नायिका होत्या प्रिया तेंडुलकर. विजय तेंडुलकरांच्या कन्या आणि स्वतः मराठीतील कथालेखिका. त्यामुळे असेल कदाचित, रजनी आपल्याकडे घरचीच वाटली.

रजनी नोकरी करत नव्हती. तिच्या नवऱ्याने तिला फसवले नव्हते. तरीही गॅसच्या सिलिंडरसाठी, भाडे नाकारणाऱ्या टॅक्सीवाल्याशी ती भांडायला उभी राहत असे. टॅक्सीचालकांनी तर मालिकेविरुद्ध निदर्शनेही केली. (मध्यमवर्गीय गृहिणीचा राग कष्टकऱ्यावरच का निघावा, हा आक्षेप मला आजही रास्त वाटतो.) पण तिचा राग स्वतःच्या संसारापुरता नव्हता, आणि मला महत्त्व त्याचे वाटते.

पुढच्या मराठी नायिका पाहा. 'आभाळमाया'तील सुधा (१९९९) स्वतःच्या पायांवर उभी आहे, पण तिची कसोटी लागते ती पतीच्या विवाहबाह्य संबंधामुळे. 'माझ्या नवऱ्याची बायको'तील राधिका (२०१६) मसाल्यांचा उद्योग तीनशे कोटींवर नेते. 'आई कुठे काय करते'मधील अरुंधती (२०१९) गाण्याकडे परतते. दोघींनाही घराबाहेर काढतो तो नवऱ्याचा व्यभिचारच. अनिरुद्ध एकनिष्ठ राहिला असता तर अरुंधती गायली असती का? या प्रश्नाचे उत्तर मालिकेजवळ नाही. स्त्रीचे स्वातंत्र्य ही येथे जणू नुकसानभरपाई आहे.

आमच्या जावळी तालुक्यात हे अधिकच खटकते. येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या माथाडी कामासाठी मुंबईला जात आले. मागे शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि मुलांची शाळा सांभाळली ती बायकांनी. त्यांना स्वतंत्र व्हायला कोणाच्या प्रतारणेची गरज पडली नाही. याच तालुक्यातील स्त्रियांनी दारूची दुकाने बंद व्हावीत म्हणून लढा दिला, आडव्या बाटलीला मते दिली. या मतदानाची अटही मोठी जाचक आहे. उपस्थितांचे नव्हे, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांचे मत आडव्या बाटलीला पडावे लागते. जी मुंबईत आहे, आजारी आहे, सासऱ्याच्या धाकाने घरातच बसली आहे, तिचे न दिलेले मत उभ्या बाटलीच्याच कामी येते. म्हणून दारोदार फिरावे लागते, जावेला समजवावे लागते, नवऱ्याचा मार खाल्लेलीला आणि न खाल्लेलीलाही मतदान केंद्रापर्यंत न्यावे लागते.

यात कथानकाला लागणारे काय कमी आहे? संघर्ष आहे, भीती आहे, शेवटच्या मतापर्यंतची उत्कंठा आहे. नाही ती फक्त सवत. मेढ्याच्या बाजारात संध्याकाळी सातनंतर जी बाई घाईने घरी निघते, ती मात्र तिचीच गोष्ट पाहायला निघालेली असते.