आरंभ केबलपासून करावा

ध्वनिविचार : श्रुतिधर

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांतून घरातल्याच एखाद्या खोलीत ध्वनिमुद्रणाची तजवीज करणारे तरुण दिसू लागले आहेत. कोणी भजनी मंडळाचे अभंग मुद्रित करतो, कोणी पुस्तकांचे अभिवाचन करतो, कोणी स्वतः बांधलेल्या चाली. आणि संगणक, मायक्रोफोन व एक लहानसा इंटरफेस एवढी सामग्री जमली, की त्यांच्यापैकी जो खरा जिज्ञासू असतो त्याला हटकून असे वाटू लागते, की ही उपकरणे आपल्या हातांनी घडविता आली तर किती बरे होईल. या आशयाची पत्रे माझ्याकडे येतात, आणि त्यांत बहुधा एखाद्या विख्यात जुन्या यंत्राचे नाव असते. विशेषतः बिल पुटनम यांनी १९६०च्या दशकात सिद्ध केलेल्या ११७६ या कॉम्प्रेसरची प्रतिकृती घरी जोडता येईल काय, अशी पृच्छा असते. त्या यंत्राची थोरवी निर्विवाद आहे. तथापि ज्याने अद्याप सोल्डरचा एकही डाग दिलेला नाही त्याला माझे सांगणे असे, की कॉम्प्रेसर तूर्त बाजूला ठेवावा आणि आरंभ मायक्रोफोनच्या केबलपासून करावा.

केबल ही क्षुल्लक वस्तू आहे असे मानण्याची चूक कोणी करू नये. तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमध्ये पहिल्या पिनेला बाहेरची जाळी, म्हणजे शिल्ड, जोडलेली असते, आणि दुसऱ्या व तिसऱ्या पिनांना जोडलेल्या दोन तारांवरून एकच ध्वनिसंकेत परस्परविरुद्ध ध्रुवतेने प्रवास करतो. वाटेत भिंतीतल्या वायरिंगमधून जी ५० हर्ट्झची गुणगुण चढते ती दोन्ही तारांवर सारखीच चढते, आणि पलीकडचा प्रवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, या दोन तारांतील केवळ फरक तेवढा स्वीकारीत असल्यामुळे गुणगुण आपोआप वजा होऊन गायकाचा आवाज तेवढा शिल्लक राहतो. स्टुडिओतील अर्ध्याअधिक विद्येचे बीज या एका योजनेत आहे. ज्याने ही केबल स्वतः जोडली आणि एक तार मुद्दाम सोडवून गुणगुण कशी उसळते हे कानाने ऐकले, त्याला ‘बॅलन्स्ड लाइन’ म्हणजे काय हे पुन्हा कोणी शिकवावे लागत नाही.

या कामाला पंचवीस वॉटचे सोल्डरिंग आयर्न, साठ टक्के कथिल व चाळीस टक्के शिसे असलेली आणि पोटात राळ भरलेली सोल्डरची तार, एक धारदार पाते, आणि एक साधा मल्टिमीटर एवढे पुरे. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सारे एका फेरीत मिळते. तारेवरचे बाहेरचे आवरण कापताना आतली जाळी दुखावता कामा नये. कनेक्टरचे मागचे टोपण डाग देण्यापूर्वीच केबलवर ओवून ठेवावे, कारण डाग दिल्यावर ते आत जाण्याची मुभा राहत नाही. जाळीचे केस एकत्र पिळून त्यांवर आधी सोल्डरचा पातळ लेप चढवावा. मग पिनेच्या मागची वाटी तापवावी आणि सोल्डर त्या तापलेल्या वाटीत वितळू द्यावे, आयर्नच्या टोकावर वितळवून वर ठेवू नये. सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि जेमतेम १९० अंशांपर्यंत पूर्ण पातळ होते. ते थिजेपर्यंतच्या एक-दोन क्षणांत तार किंचितही हलली नाही तर डाग आरशासारखा चकचकीत उतरतो, आणि हलली तर मलूल, दाणेदार दिसतो. असा मलूल डाग आज आवाज देईल, परंतु काही महिन्यांनी, नेमक्या चांगल्या मुद्रणाच्या वेळी, खरखरू लागेल. म्हणून तो दिसताक्षणी पुन्हा तापवावा. शेवटी मल्टिमीटरने पहिली पिन पहिलीशी, दुसरी दुसरीशी, तिसरी तिसरीशी जुळते, आणि कोणत्याही दोन पिना आपसांत भिडलेल्या नाहीत, याची खातरजमा करावी. खोलीची खिडकी उघडी असावी, आणि शिशाचा संपर्क झालेले हात जेवणापूर्वी धुवावेत.

केबल साधली, की दुसरे काम प्रवर्धकाचे. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनमधून बोलण्याच्या आवाजाला एखाददुसरा मिलिव्होल्ट बाहेर पडतो, आणि स्टुडिओतील उपकरणांची प्रमाणित पातळी सुमारे १.२३ व्होल्टची असते. अर्थात हा संकेत जवळजवळ हजारपट वाढवावा लागतो, आणि त्याबरोबर प्रवेशद्वारापाशी शिरलेला प्रत्येक कचराही हजारपट वाढतो. म्हणून पहिल्या प्रयोगाला इलेक्ट्रेट कॅप्सूल घ्यावी असे मी सुचवीन. गेर्हार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध केलेली ही मायक्रोफोनची जात आज कपभर चहाच्या आसपासच्या किमतीत मिळते, तिचा संकेत अधिक बलवान असतो, आणि तिला शंभरपट वाढ पुरते. एनई ५५३२ नावाची आठ पायांची आयसी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून जगभरच्या असंख्य मिक्सरांत बसलेली आहे. ती, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर एवढ्यावर ब्रेडबोर्डवर प्रवर्धक उभा राहतो. त्याची वाढ केवळ दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरावर ठरते: एक किलोओहमचा एक आणि शंभर किलोओहमचा दुसरा बसविला तर १०१ पट, दुसऱ्याच्या जागी दहा किलोओहमचा ठेवला तर ११ पट. हे गणित वहीत मांडायला अर्धे मिनिट लागते. परंतु रेझिस्टर बदलून हेडफोनवर तोच तंबोरा आधी दूर आणि मग समीप आलेला ऐकणे हा वेगळाच बोध आहे, आणि या बोधासाठीच हा सारा खटाटोप करावा असे माझे प्रांजळ मत आहे.

पैसे वाचतील या आशेने मात्र या वाटेला कोणी लागू नये. मंडल, म्हणजे सर्किट, स्वस्त असते. पण लोखंडी पेटी, ट्रान्सफॉर्मर, नॉब, कनेक्टर आणि पेटीला नेटकी भोके पाडण्याची मजुरी यांचा जमाखर्च मांडला, की पुष्कळदा बाजारातले तयार उपकरण त्याहून स्वस्त पडते. लाभ निराळा आहे. लंडनमध्ये ईएमआयच्या अभियंत्यांनी आपल्या ॲबी रोड स्टुडिओसाठी ‘रेड’ मालिकेतील मिक्सर स्वतःच रचले, आणि १९६०च्या दशकातील बीटल्सचे बहुतेक मुद्रण त्यांवरच झाले. त्याच शहरात होलोवे रोडवरील एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर जो मीक हा एकाकी मनुष्य स्वतः जोडलेल्या उपकरणांनी काम करीत होता, आणि तिथे मुद्रित झालेली ‘टेलस्टार’ ही धून १९६२ साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत अग्रस्थानी पोहोचली. आपल्याकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला आणि मग १९२० साली ‘सैरंध्री’ निर्माण केला. या मंडळींनी यंत्राला कधी देवघरात बसविले नाही. त्यांना त्याच्या आतड्यांची ओळख होती, आणि म्हणूनच ते त्याच्याकडून इतरांना न सुचलेले काम करून घेऊ शकले.

आता एका गोष्टीबाबत मला कठोर व्हावे लागेल. बॅटरीवरचे किमान दोन-तीन प्रकल्प निर्दोष पार पडेपर्यंत घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला हात लावू नये. पुढे ७८१५ आणि ७९१५ या रेग्युलेटरांचा पंधरा-शून्य-पंधराचा पुरवठा बांधावा लागेलच, पण तेव्हा फ्यूज, धातूच्या पेटीला भक्कम अर्थिंग आणि शेजारी जाणता मनुष्य या तिन्ही गोष्टींची तरतूद असावी. व्हॉल्व्हच्या यंत्रांत शेकडो व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरांत तो काही काळ दबा धरून बसतो. पहिल्या वर्षी त्यांचा विचारही नको. जुन्या वाड्यांतून आणि चाळींतून अनेक ठिकाणी भिंतीतल्या तीन छिद्रांच्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नसते. तिथे स्टुडिओ थाटण्यापूर्वी वायरमनकडून त्याचा बंदोबस्त करून घ्यावा, आणि गुणगुण घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो तो ऐकू नये. गुणगुणीपेक्षा जीव मोलाचा आहे.

कंडेन्सर मायक्रोफोनसाठी लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा पुढच्या टप्प्यावर येईल. दोन्ही तारांना तो ६.८ किलोओहमच्या एकेका रेझिस्टरमधून मिळतो, आणि हे दोन रेझिस्टर परस्परांशी अगदी काटेकोर जुळले नाहीत तर वर सांगितलेला वजाबाकीचा सारा हिशेब बिघडतो. म्हणून एक टक्क्याच्या जातीचे दहा विकत घेऊन मल्टिमीटरवर त्यांतली सर्वांत जवळची जोडी निवडावी. प्रवर्धकाच्या तोंडाशी ४८ व्होल्ट अडविणारे कपॅसिटर ६३ व्होल्टचे घ्यावेत. असले बारीकसारीक तपशील तयार किटमध्ये आयते येतात, आणि किटला माझा विरोधही नाही. मात्र मंडलाच्या नकाशातील प्रत्येक भाग तिथे कशासाठी आहे हे वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिता येईपर्यंत किटचा खोका उघडू नये. विशिष्ट कंपनीच्या महागड्या कपॅसिटरने आवाजात माधुर्य उतरते अशा वार्तांवर तर भाळूच नये. संगणकावर मोफत मिळणाऱ्या मोजमापाच्या सॉफ्टवेअरने आधीचा आणि नंतरचा आलेख काढून पाहावा.

एक विनंती करून हा लेख आवरतो. तालुक्याच्या गावांतून अद्याप असे वृद्ध कारागीर आहेत, ज्यांनी आयुष्यभर रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, आणि ज्यांची दुकाने आता मोबाइलच्या दुकानांना जागा देऊन बंद झाली आहेत. मलूल डाग नजरेने ओळखणारी आणि गुणगुण ऐकून दोष कुठे आहे ते सांगणारी ही माणसे आपल्या गावात असतील, तर आयर्न विकत घेण्याआधी त्यांच्याकडे जावे, आणि आपली पहिली केबल त्यांच्यासमोर बसून जोडावी. आणि ज्या तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळा रविवारी कुलूपबंद असतात, त्यांच्या प्राचार्यांनी त्यांतले एक टेबल त्या दिवशी अशा गुरुशिष्यांसाठी खुले ठेवावे.