शिक्षकांचा आमदार आणि बिनहिशेबी प्रचार

करवीर तालुक्यातील ग्रामपंचायतीसाठी उभा राहणारा शेतमजूर असो, की कोल्हापूर महानगरपालिकेत जाऊ इच्छिणारा व्यापारी. निकालानंतर 30 दिवसांच्या आत त्याला निवडणूकखर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. ग्रामपंचायतीच्या बाबतीत तो न दिल्यास 5 वर्षांच्या अपात्रतेची तरतूद आहे. चहा, पत्रके, रिक्षावरील कर्णा, सारे कागदावर यावे लागते. परंतु पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर या 5 जिल्ह्यांच्या शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर जाऊ पाहणाऱ्या उमेदवाराला मात्र कायदा एका पैशाचाही हिशेब विचारीत नाही.

याचे मूळ 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. निवडणूकखर्चाचे प्रकरण केवळ लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुकांनाच लागू राहील, असे त्याचे 76 वे कलम म्हणते. म्हणून येथे मर्यादाही नाही आणि हिशेबही नाही. उमेदवारी अर्जासोबत स्वतःची मालमत्ता जाहीर करावयाची, प्रचाराचा पैसा कोठून आला हे मात्र गुलदस्तात! मतदार मोजके आणि सुशिक्षित, तेथे पैशाचे काय काम, असा भाबडा विश्वास यामागे असावा. वस्तुतः मोजक्या मतदारांपर्यंत पैसा पोहोचविणे अधिक सोपे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

या मतदारसंघाचे प्रश्न कोणते? विनाअनुदानित शाळांचे अनुदान, 1 नोव्हेंबर 2005 नंतर नेमलेल्यांचे निवृत्तिवेतन, रिक्त पदांची भरती. अनुदानाबाबत शिक्षक व संस्थाचालक यांचे हित एकच असते. नेमणूक आणि बढती यांबाबत ते परस्परविरोधीही असू शकते. अशा वेळी प्रचाराच्या गाड्या संस्थाचालकाच्या पैशावर धावल्या की शिक्षकांच्या वर्गणीवर, हे मत देणाऱ्या सहायक शिक्षकाला कळू नये काय?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शाळेच्या इमारतीसाठी कर्जरोखे काढावयाचे तर लोकांचा कौल घ्यावा लागतो. त्या प्रचारसमितीला 100 डॉलर वा अधिक देणाऱ्याचे नाव व व्यवसाय जाहीर होतो; देणगीदारांत इमारतीचा भावी ठेकेदार आहे काय, हे पालकाला पाहता येते. आपल्याकडेही 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजना रद्द करताना, राजकीय पक्षांना पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराचा अधिकार मान्य केला आहे.

विधानसभेसाठी 2022 पासून 40 लाखांची मर्यादा आहे, आणि तेथील हिशेब कितपत खरे असतात हे गावच्या पारावरही ठाऊक आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नव्हे. परंतु खोट्या हिशेबाला आव्हान देता येते. नसलेल्या हिशेबाला आव्हान द्यावयाचे तरी कसे? मर्यादा किती असावी हा वाद नंतर घालता येईल, आधी जमाखर्च उघडा झाला पाहिजे.

76 व्या कलमात विधान परिषदेचा समावेश करणे हे संसदेचे काम. तोवर शिक्षक संघटनांनी थांबण्याचे मात्र कारण नाही. उमेदवाराला पाठिंबा देतानाच, मतदानाच्या 8 दिवस आधी देणगीदारांची नावे व रकमा प्रत्येक शाळेच्या शिक्षक-खोलीतील फलकावर लावण्याची अट त्यांना घालता येईल.