मनगटाला मुदत हवी

लेगस्पिन ही क्रिकेटमधील सर्वांत उशिरा पिकणारी कला आहे. ती अवेळी तोडली तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे लक्ष्मण शिवरामकृष्णन यांची कारकीर्द होय. १९८१-८२ च्या मोसमात या सोळा वर्षांच्या मुलाने तामिळनाडूकडून खेळताना दिल्लीचे सात गडी अवघ्या २८ धावांत बाद केले. एप्रिल १९८३ मध्ये, सतराव्या वर्षी, तो वेस्ट इंडीजमध्ये कसोटी खेळत होता. १९८४ च्या अखेरीस वानखेडे स्टेडियमवर त्याने इंग्लंडचे बारा गडी टिपले आणि मुंबईकरांना सुभाष गुप्ते यांची आठवण झाली. त्या एका मालिकेत त्याने २३ बळी मिळवले. पुढे मेलबर्नच्या अंतिम सामन्यात जावेद मियाँदाद त्याच्याच चेंडूवर यष्टिचीत झाला. मात्र जानेवारी १९८६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याची कसोटी कारकीर्द संपली. नऊ कसोटी, २६ बळी!

यात केवळ दैवाला दोष देणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. मोजक्याच देशांतर्गत सामन्यांच्या शिदोरीवर या मुलाला जगापुढे उभे करण्यात आले. लय हरपल्यावर परतून जावे, अशी पक्की जमीन त्याच्या पायांखाली तयारच झाली नव्हती. पुढे तो रणजीत खेळत राहिला, फलंदाज म्हणून शतकेही काढली. पण प्रथम श्रेणीच्या ७६ सामन्यांत त्याच्या नावावर १५४ बळीच राहिले. त्याच राज्याच्या व्ही. व्ही. कुमार यांनी ५९९ बळी घेतले होते. त्यांच्या वाट्याला दोनच कसोटी आल्या, हा अन्याय वेगळा; परंतु त्यांची कला देशांतर्गत क्रिकेटने जोपासली.

अनिल कुंबळे यांचे उदाहरण येथे विचारात घ्यावे लागेल. १९९० मध्ये इंग्लंडमध्ये एक कसोटी खेळून तेही बाहेर गेले. दोन वर्षे देशांतर्गत क्रिकेटमध्ये घाम गाळून, १९९२ च्या इराणी करंडक सामन्यात तेरा बळी घेऊन ते परतले आणि ६१९ कसोटी बळींपर्यंत पोहोचले. दोघांच्या गुणांची तुलना करण्याचे कारण नाही. एकाला मुरण्यास अवधी मिळाला, दुसऱ्याला कौतुक आधी मिळाले, एवढे मात्र खरे.

आज वीस षटकांच्या सामन्यांत लेगस्पिनरला मोठी मागणी आहे. पण तेथे त्याच्या वाट्याला २४ चेंडू येतात. फलंदाजाला दिवसभर जाळ्यात ओढण्याची विद्या तेथे शिकता येत नाही. ती चार दिवसांच्या सामन्यातच, षटकार बसल्यावरही चेंडू काढून न घेणाऱ्या कर्णधाराच्या हाताखाली शिकावी लागते. राज्य संघटनांनी होतकरू लेगस्पिनरला निदान दोन पूर्ण मोसम रणजीत खेळवावे आणि निवड समितीने तोवर धीर धरावा. सोळाव्या वर्षीचा चमत्कार पाहून टाळ्या वाजवणे सोपे असते. विसाव्या वर्षी तोच मुलगा अडखळतो, तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहणे हीच क्रिकेट चालवणाऱ्यांची खरी कसोटी आहे.